डिस्कवर जागा असूनही 'जागा शिल्लक नाही': माझा अनुभव

उबंटू या लिनक्स सिस्टिमवर 'ॲप्ट अपग्रेड' (अपडेटची कमांड) नवा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, बसवताना अर्ध्यातच थांबायचं: 'जागा शिल्लक नाही'. डिस्कवर तर 60 जीबी मोकळे! डाउनलोड केलेल्या पॅकेज फायली पुसणारं 'ॲप्ट क्लीन' झालं, रीस्टार्ट झालं. नको असलेली जुनी पॅकेजेस काढणारं 'ऑटोरिमूव्ह'ही अर्धवट बसलेल्या पॅकेजपाशी अडायचं. दोन संध्याकाळी वाया गेल्या.

प्रत्येक पार्टिशनमधली जागा दाखवणारं 'डीएफ -एच' पाहिल्यावर कळलं, /बूट, म्हणजे कर्नलच्या फायली राहतात ते पार्टिशन, 100 टक्के भरलंय. इन्स्टॉल करताना मीच ते वेगळं आणि चिमुकलं ठेवलं होतं.

आधी 'युनेम -आर' कमांडने चालू कर्नलचा आवृत्ती-आकडा कागदावर टिपला. त्याला हात लावायचा नाही. मग /बूटमधली सर्वांत जुन्या कर्नलची 'इनिटआरडी' फाईल (सिस्टिम सुरू होताना कर्नलसोबत लागणारी) 'सुडो आरएम'ने, म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने, उडवली. तेवढी फट मिळताच अर्धवट पॅकेज पूर्ण करायला 'सुडो ॲप्ट -एफ इन्स्टॉल', त्यानंतर जुने कर्नल काढायला 'सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह --पर्ज', शेवटी सुरुवातीचा बूट मेनू ताजा करायला 'सुडो अपडेट-ग्रब'. आता /बूट 58 टक्क्यांवर आहे.