गावातल्या बाप्यांना, महाराजांना आणि चर्चला घरातल्या मारहाणीच्या विरोधात कसं जोडायचं (बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या लोकांसाठी)

आधीच सांगतो, 'बायकोवर हात उचलू नका' असं भाषण कसं द्यायचं हे यात नाही. भाषणाला सगळे माना डोलावतात, चहा पितात, आणि घरी जातात. आपल्याकडची खरी अडचण पुढं आहे. मार खाल्लेली बाई पोलिसांत जायच्या कितीतरी आधी गावातल्या चार शहाण्या माणसांकडं जाते, म्हणजे पंच, भजनी मंडळातले काका, चर्चमधले फादर नाहीतर पाळक, आणि तिथं तिला मिळणारं उत्तर ठरलेलं असतं, 'सांभाळून घे गं, पोराबाळांचा संसार हाय, आम्ही सांगतो त्याला'. हे उत्तर बदलणं हेच काम आहे, बाकी बॅनर, रॅली, शपथ वगैरे नंतर जमलं तर जमलं.

आणि हे फक्त आपल्याकडंच आहे असं नाही बगा. आर्मेनिया म्हणून छोटा देश आहे, इ.स. ३०१ मध्ये आम्ही ख्रिस्ती धर्म राजधर्म केला हे तिथली माणसं अभिमानानं सांगतात, आणि तिथं चर्च म्हणजे नुसतं प्रार्थनेचं ठिकाण नाही, भाषा आणि ओळख टिकवून धरणारी संस्था आहे (सीमाभागातल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको). तिथं घरगुती हिंसेविरुद्धचा कायदा झाला तो २०१७ च्या डिसेंबरात, आणि 'घरं मोडणार, परंपरा बुडणार' म्हणून विरोध एवढा की कायद्याच्या नावातच कुटुंबातला सलोखा परत आणण्याची भाषा घालावी लागली. मार खाल्लेल्या बाईच्या संरक्षणाचा कायदा, आणि नावात सलोखा! ते शब्द २०२४ च्या दुरुस्तीत निघाले. बाईवरची हिंसा रोखायचा युरोपचा जो इस्तंबूल करार आहे त्यावर आर्मेनियानं २०१८ ला सही केली, खरं मंजुरी अडकून पडली, २०१९ ला चर्चनं उघड विरोध केला. म्हणजे तिथं चर्चला टाळून काम होत नाही, आणि सगळं चर्चवर सोपवलं तर बाईला परत त्याच घरात पाठवायचा धोका. आपल्या पंच कमिटीची गोष्ट याहून वेगळी काय आहे?

तिथली अजून एक गोष्ट आपल्या कामाची आहे. आर्मेनियन चर्चचे गावातले पाद्री संसारी असतात, आणि पाद्रीच्या बायकोला समाजात मानाचं नाव आहे, येरेत्सगिन म्हणतात तिला. आपल्याकडं कॅथलिक फादर ब्रह्मचारी, खरं मेथडिस्ट पाळकांचं लग्न झालेलं असतं, आणि वारकरी महाराज तर बहुतेक गृहस्थच. तर पहिली खेप महाराजांकडं मारायच्या आधी पाळकीणबाईंना, महाराजांच्या घरच्या वहिनींना भेटा. गावात कुठल्या घरात काय चाललंय हे त्यांना नवऱ्याच्या आधी कळलेलं असतं, आणि त्या एकदा आपल्या बाजूनं झाल्या की महाराजांना पटवायचं काम घरातूनच होतं.

या कामासाठी गावात बाप्यांचा छोटा गट करायचा, त्यात माणसं कशी निवडायची? आमदाराच्या माणसाच्या मागं लागू नका. ज्याचं बाकीचे बाप्ये ऐकतात तो धरा, तालमीतला वस्ताद, दूध डेअरीचा सेक्रेटरी, रिक्षा स्टँडवरचा जुना माणूस, दिंडीतला विणेकरी, चर्चमध्ये गाणी सांभाळणारा. तीन-चार पुरेत. खरं एक गोष्ट कधीच सोडू नका, नाव पक्कं करायच्या आधी अंगणवाडीच्या ताईंना किंवा आशाताईंना एकट्यात विचारा, 'हा माणूस घरी कसा आहे?' त्या गप्प बसल्या तरी उत्तर समजतं. गावभर गोड बोलणारा आणि घरात पट्टा काढणारा माणूस आपल्या गटात आला तर एकही बाई त्या गटाकडं फिरकणार नाही, आणि तिचं बरोबरच आहे.

बैठकीला 'कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंध कार्यशाळा' असलं नाव दिलं की कोण येत नाही. आपलं साधं, 'घरच्या भांडणावर थोडं बोलूया, भजन झाल्यावर अर्धा तास'. खानापूर भागात भात कापणी-मळणीच्या दिवसांत ठेवू नका, १ नोव्हेंबरच्या (राज्योत्सव आणि काळा दिवस) आसपास तर नकोच, सगळ्यांचं डोकं दुसरीकडं असतं. पारायण, सप्ताह, गणपतीचे दहा दिवस, चर्चच्या फेस्ताच्या (सणाच्या) आधीचे नोव्हेनाचे, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनेचे दिवस, हे चांगले, कारण माणसं आपणहून जमलेली असतात.

बसल्यावर सुरुवात आकड्यानं केली तरी चालेल, खरं एकच आकडा सांगा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कर्नाटकातल्या लग्न झालेल्या १८ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ४४.४ टक्के बायकांनी नवऱ्याकडून कधी ना कधी हिंसा झाल्याचं सांगितलंय, त्याआधीच्या पाहणीत हाच आकडा २०.६ होता. मग गप्प बसा, त्यांना बोलू द्या. हमखास कोणतरी म्हणणार, 'तो वाईट नाही ओ, दारू पिल्यावर तेवढं होतं'. यावर वाद घालू नका, फक्त विचारा, 'पिल्यावर वस्तादाला मारतो काय? डेअरीच्या सेक्रेटरीला? साहेबाला?' हसतात आधी, मग जरा वेळ कोण बोलत नाही. दारू सुटली तर चांगलंच आहे, त्याचं काम वेगळं चालू द्या, खरं दारूला पुढं करून हाताला सोडू नका. दुसरं म्हणजे मार म्हणजे फक्त थोबाडीत नाही हे सांगा. घरातल्या हिंसेविरुद्धचा आपला जो २००५ चा कायदा आहे त्यात शिव्या, अपमान, धमकी, पगार काढून घेणं, घरखर्चाला पैसे न देणं, घराबाहेर काढणं हे सगळं येतं. निपाणीकडं बिड्या वळणाऱ्या बाईची मजुरी नवरा काढून घेतो, तेही यातच बसतं, हे सांगितल्यावर बरेच जण चुळबुळ करायला लागतात.

आता महाराज आणि फादर. त्यांच्याकडून दहा मिनिटं मागा, पूर्ण कीर्तन नको. संत बहिणाबाईंनी स्वतःच्या अभंगांत नवऱ्यानं केलेली मारहाण लिहून ठेवलीय, सतराव्या शतकातली बाई, तुकोबांची शिष्या, यापेक्षा मोठा आधार कीर्तनात कुठला पाहिजे? खरं सावध राहा, बरेच महाराज ही गोष्ट 'बघा, तिनं सोसलं, शेवटी पती हाच देव मानला' इथं नेऊन ठेवतात, आणि मांडवात बसलेली बाई उलट आणखी खचून घरी जाते. म्हणून आधी बसून शेवट ठरवून घ्या, तिनं सोसलं हे नाही, त्यानं मारलं हे चुकलं. चर्चमध्ये तसंच, इफिसकरांस पत्राच्या ५ व्या अध्यायातलं २२ वं वचन, पत्नींनी पतीच्या अधीन असावं, हे सगळ्यांना तोंडपाठ असतं, आणि लगेच तीन वचनांनंतर पतींना पत्नीवर प्रीती करायला सांगितलंय, ख्रिस्तानं मंडळीसाठी स्वतःला दिलं तशी, ते कुणाला आठवत नाही. कलस्सैकरांस पत्रात तर पत्नीशी कठोर वागू नका असं सरळच आहे. लग्नाआधीचा जो कोर्स कॅथलिक जोडप्यांना करावा लागतो तिथं एक तास मागून घ्या, ती पोरं ऐकायच्या वयात असतात. आणि फादरना एक व्यवहाराची गोष्ट सांगा, कबुलीजबाबात ऐकलेलं ते कुणाला सांगू शकत नाहीत, म्हणून बाईनं तिथं काही सांगितलं तर 'हे बाहेर येऊन मला परत सांग, म्हणजे मला मदत करता येईल' एवढं तरी तिला म्हणावं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, बाई खरंच आली तर. दोघांना समोरासमोर बसवून बैठक घ्यायची नाही. नाही म्हणजे नाही. नवऱ्यासमोर ती खरं बोलणार नाही, आणि बोललीच तर रात्री त्याची किंमत मोजणार. स्टॅम्प पेपरवर 'परत असं करणार नाही' लिहून घेण्याचा जो आपल्या पंचांचा छंद आहे तोही सोडा, त्या कागदानं मारणाऱ्याचा हात थांबत नाही, फक्त बाईचे आणखी सहा महिने जातात. तिला एकटीला, शक्यतो दुसऱ्या बाईच्या सोबतीनं विचारा, आज रात्री घरी जायला भीती वाटते काय, पोरं कुठं आहेत, तुला काय पाहिजे. जीवाला धोका असेल तर ११२, सल्ला आणि आसऱ्यासाठी १८१. लागलं असेल तर सरकारी दवाखान्यात, आणि कसं लागलं ते डॉक्टरला खरं सांगायचं, पाय घसरला म्हणून नाही. कर्नाटकात संरक्षण अधिकारी म्हणजे तालुक्याचे सीडीपीओ (बालविकास प्रकल्प अधिकारी), अंगणवाड्यांचं ऑफिस असतं तिथंच, त्यांनी हिंसेचा रिपोर्ट भरून मॅजिस्ट्रेटकडं द्यायचा असतो. आणि पंचांना, महाराजांना हे मुद्दाम सांगा, कायद्याच्या ४ थ्या कलमात आहे, चांगल्या हेतूनं संरक्षण अधिकाऱ्याला माहिती देणाऱ्यावर कुठलीच केस होत नाही. 'आपण कशाला कुणाच्या घरच्यात पडा' याच्यामागची निम्मी भीती हीच असते.

आपल्या भागाची खास अडचण भाषेची. बाई मराठी बोलते, स्टेशनात आणि ऑफिसात लिहिणं कन्नडमधून. तिनं सांगितलं एक आणि कागदावर 'किरकोळ भांडण' आलं तर तिला कळणारही नाही. गटातल्या बाप्यांना द्यायचं खरं काम हे आहे, कन्नड वाचता येणारा एकजण सोबत जाणार, लिहिलेलं तिला मराठीत वाचून दाखवणार, पटल्याशिवाय सही करू देणार नाही, एफआयआरची प्रत फुकट मिळते ती घेऊनच बाहेर पडणार. तिच्या वतीनं बोलायचं नाही, वाचून दाखवायचं. तिथं भाषावाद काढून पोलिसाशी भांडायचंही नाही, ते दुसऱ्या दिवशी करा.

आणि सोयरिकी तर चंदगड, गडहिंग्लज, कागलपर्यंत झालेल्या. सासर कर्नाटकात, माहेर महाराष्ट्रात, मग 'तिकडं जा, इकडं जा' करून बाईला फिरवतात. कायद्याचं २७ वं कलम सांगा, बाई सध्या जिथं राहते, तात्पुरती का असेना, तिथल्या कोर्टात अर्ज चालतो, आणि त्या कोर्टाचा आदेश सगळ्या देशात लागू होतो. चंदगडला माहेरी येऊन राहिलेली बाई तिथूनच अर्ज करू शकते. पोलिसांतही झिरो एफआयआर घ्यावी लागते, हद्द आमची नाही हे कारण चालत नाही.

ती कुठं थांबलीय हे कुणालाच सांगायचं नाही, व्हॉट्सअप ग्रुपवर तर नाहीच, 'सगळं ठीक आहे, ताई मावशीकडं आहे' असला एक मेसेज नवऱ्यापर्यंत पोचायला दहा मिनिटं लागत नाहीत. ती परत सासरी गेली तरी रागवू नका, दार उघडं ठेवा, बायका जातात परत, पैसा नसतो, पोरं असतात. आणि गावातल्या तक्रारी वाढल्या म्हणून कमिटी ओरडायला लागली तर त्यांना सांगा, मार वाढला नाही, तो आधीपासून होता, आता तो बाहेर येतोय.

राहिला प्रश्न गटातलाच कोण मारणारा निघाला तर. हा नियम पहिल्याच बैठकीत सगळ्यांसमोर ठरवून वहीत लिहा, वीणा काढून घेणार, गटातून बाजूला, आणि बाई म्हणेल तशी तक्रार. नंतर ठरवायला गेलात तर भाऊबंदकी मधी येते आणि मग काय होत नाही.