टर्मिनलचा पडदा ताब्यात घेण्यापूर्वी

मस्जिद बंदरातील एका पेढीत मालसाठा नोंदवण्याचा माझा प्रोग्राम मधेच कोसळला आणि त्यानंतर मुनीमजी जे टाइप करीत ते पडद्यावर उमटेनासे झाले, कारण टर्मिनल (ज्या अक्षरी पडद्यावर आज्ञा टाइप करतात तो) पूर्ववत करणारा कोड मी फक्त ‘बाहेर पडा’ या एकाच पर्यायाला जोडला होता.

असा सगळा पडदा वापरणारा प्रोग्राम लिहिताना पडदा हाताळणारी लायब्ररी (तयार कोडचा संच) आधी ठरवावी: लिनक्स व मॅकवर एनकर्सेस, विंडोजवर पीडीकर्सेस. 1978 च्या व्हीटी-100 या टर्मिनलचे एस्केप कोड, म्हणजे पडद्याला हुकूम देणाऱ्या अक्षरमालिका, पाठ आहेत म्हणून ते थेट छापण्याचा मोह टाळावा. टर्म (TERM) या चलात टर्मिनलचे जे नाव असते, त्याची क्षमता टर्मइन्फो या टर्मिनलांच्या माहितीसंचाला विचारून घ्यावी. पडदा 24 ओळी आणि 80 रकान्यांचा धरू नये, हे वेगळे सांगायला नको. रंग आहेत का, हेही विचारावे.

मराठी मजकूर दाखवायचा असल्यास भाषा ठरवणारे सेटलोकेल हे फंक्शन पडदा ताब्यात घेणाऱ्या इनिटस्क्रच्या आधी बोलवावे आणि एनकर्सेसची रुंद अक्षरांची आवृत्ती जोडावी. तरीही ‘क्षि’ची रुंदी बऱ्याचदा प्रोग्राम वेगळी मोजतो आणि टर्मिनल वेगळी, त्यामुळे पुढचे सारे रकाने सरकतात, म्हणून मालाचे नाव ओळीच्या शेवटी ठेवावे, आकडे आधी.

आता परतीची वाट. प्रोग्राम सुरू होताच टर्मिनलची मांडणी वाचणाऱ्या टीसीगेटअ‍ॅटरने मूळ स्थिती जपून ठेवावी आणि जाताना पडदा सोडून देणारे एन्डविन बोलवावे, मग जाणे कोणत्याही कारणाने असो: मेनूतून, त्रुटीमुळे, कंट्रोल-सीने किंवा बाहेरून आलेल्या टर्म सिग्नलने (प्रोग्राम संपवण्याच्या सूचनेने). कंट्रोल-झेडने प्रोग्राम थांबवतानाही टर्मिनल पूर्ववत झाले पाहिजे. प्रोग्राम नीट संपताना ठरलेले काम करवणाऱ्या एटएक्झिटवर विसंबू नये, कारण अ‍ॅबॉर्ट झाल्यास, म्हणजे प्रोग्राम तडकाफडकी बंद पडल्यास, ते चालतच नाही. एनकर्सेस काही सिग्नल स्वतः हाताळते, पण त्यांवर आपला हँडलर (सिग्नल आल्यावर चालणारे फंक्शन) बसवला की पूर्ववत करण्याची जबाबदारीही आपलीच. हँडलरमध्ये एन्डविन बोलवू नये, केवळ खूण करावी आणि मुख्य चक्राने ती पाहून आवरावे. मी पुन्हा सांगतो, एन्डविन प्रत्येक वाटेवर हवे.

किल -9, म्हणजे प्रोग्राम सक्तीने मारणारी आज्ञा, मात्र अडवता येत नाही. त्यासाठी ‘एसटीटीवाय सेन’ (stty sane) ही टर्मिनल ताळ्यावर आणणारी आज्ञा रोमन लिपीत कागदावर लिहून कीबोर्डाशेजारी चिकटवावी; ती न दिसताच टाइप करावी लागेल आणि एंटर चालले नाही तर कंट्रोल-जे दाबावे लागेल, हेही त्यावर लिहावे.

चाचणीत खिडकीचा आकार बदलून पाहावा, आउटपुट पाइपात (म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामला) देऊन पाहावे, एसएसएचवरून (दूरच्या संगणकाशी जोडून) चालवून पाहावे, आणि प्रोग्राम मुद्दाम पाडून पाहावा.