वेबसाइटसाठी एडिटर निवडताय? या चुका टाळा

अमळनेरच्या एका साप्ताहिकाचं दिवाळी अंकातले लेख वेबसाइटवर चढवायचं काम सुरू होतं. तिथल्या ताईंचा फोन आला, "भाऊ, मन्हा अर्धा लेख कोठे गया?" दोन तास बसून टाइप केलेला लेख. 'जतन करा' दाबल्यावर काही तक्रार आली नव्हती, आणि वाचकाला मात्र तो वाक्याच्या मध्येच तुटलेला दिसत होता. मी आधी नेटवर संशय घेतला, मग होस्टिंगवर. दोष निघाला एडिटरच्या एका सेटिंगमध्ये.

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या शाळा-कॉलेजांच्या, बाजार समित्यांच्या आणि साप्ताहिकांच्या वेबसाइट मी बांधतो. मजकूर लिहायची ती पांढरी चौकट, म्हणजे व्हिज्युअल एडिटर, बहुतेक ठिकाणी टूलबार बघून निवडली जाते. बटणं जास्त, तो एडिटर चांगला! पण बघायच्या गोष्टी दोनच आहेत: रोज त्यात कोण टाइप करणार, आणि 'जतन करा' दाबल्यावर डेटाबेसमध्ये नेमकं काय जाऊन बसतं. खालच्या बहुतेक चुका यातलं एक तरी न बघितल्यामुळे होतात.

जतन झालेला मजकूर उघडून न बघणं

अमळनेरचा घोटाळा असा होता. त्या एडिटरमध्ये मराठी अक्षरं जशीच्या तशी न ठेवता त्यांचे आकडे करून ठेवायची सेटिंग चालू होती. 'क' लिहिला की डेटाबेसमध्ये अँपरसँड, हॅश, २३२५ आणि अर्धविराम अशी सात चिन्हं जात. ब्राउझर त्यांचा पुन्हा 'क' करून दाखवतो, म्हणून पडद्यावर सगळं ठीकच दिसतं. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट घेतं, इथे ते सात घेत होतं, आणि काना, मात्रा, वेलांटी ही प्रत्येक वेगळी मोजायची.

मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये 'टेक्स्ट' प्रकारच्या रकान्यात ६५,५३५ बाइट मावतात. साधी देवनागरी असेल तर जवळजवळ २१,८०० चिन्हं, आकड्यांच्या रूपात असेल तर जेमतेम ९,३००. म्हणजे साधारण दीड हजार शब्दांत जागा संपली. डेटाबेसचा 'स्ट्रिक्ट मोड' चालू असता तर निदान चूक दाखवून जतन करायचं नाकारलं असतं. तो बंद होता, म्हणून उरलेला मजकूर गुपचूप कापला गेला.

याच सेटिंगमुळे आणखी एक त्रास वर्षभर कुणाच्या ध्यानात आला नव्हता. साइटवरच्या शोध चौकटीत 'केळी' टाकलं तर उत्तर शून्य, कारण डेटाबेसमध्ये 'केळी' नव्हतीच, आकडे होते.

म्हणून एडिटर पसंत करण्याआधी एक मराठी परिच्छेद टाइप करून जतन करा आणि डेटाबेस उघडून दाखवणाऱ्या पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये तो रकाना उघडून बघा. मराठी मराठीच दिसली पाहिजे. टायनीएमसीई हा एडिटर वापरत असाल तर 'एंटिटी एन्कोडिंग' ही सेटिंग 'रॉ' करा. रकाना 'टेक्स्ट'हून मोठा 'मीडियमटेक्स्ट' ठेवा आणि अक्षरसंच 'यूटीएफ८एमबी४'. मायएसक्यूएलच्या जुन्या 'यूटीएफ८'मध्ये देवनागरी बसते, पण इमोजीला चार बाइट लागतात आणि तिथे गाडी अडते. आता बातमीत इमोजी येतोच.

छापखान्यातला मजकूर थेट पेस्ट करणं

आपल्याकडचे डीटीपी ऑपरेटर अजूनही श्रीलिपी, कृतिदेव किंवा आयएसएमच्या फॉन्टमध्ये वेगाने टाइप करतात, आणि त्यांचा हात ज्याने पाहिलाय तो त्यांना हे सोडा असं सहज म्हणणार नाही. पण जुन्या फॉन्टमधला हा मजकूर आतून रोमन अक्षरं आणि चिन्हंच असतो, मराठी दिसते ती फॉन्टमुळे. तो पेस्ट केला की बरेच एडिटर फॉन्टचं नावही सोबत उचलतात. ऑपरेटरच्या संगणकात तो फॉन्ट असतो, त्याला पान सुरेख दिसतं. वाचकाच्या मोबाइलवर नुसती अगम्य चिन्हं! ऑपरेटर म्हणतो माझ्याकडे बरोबर आहे, वाचक म्हणतो काहीच कळत नाही, आणि दोघंही खरं बोलत असतात.

कुठलाच एडिटर हे रूपांतर स्वतःहून करत नाही. आधी कन्व्हर्टरने युनिकोड, म्हणजे कुठल्याही फोनवर दिसणारी मराठी, करा, मग पेस्ट करा. एडिटरकडून एवढंच करून घ्या की त्याने बाहेरून आलेलं फॉन्टचं नाव फेकून द्यावं. मग चुकीचा मजकूर ऑपरेटरलाही लगेच चुकीचाच दिसतो आणि तिथल्या तिथे पकडला जातो. सीकेएडिटर ५ या एडिटरमध्ये जी सोय तुम्ही चालू केलेली नाही तिचं फॉरमॅटिंग बाहेरून आलं तरी सहसा गळून पडतं, हा मला त्याचा मोठा गुण वाटतो. टायनीएमसीईमध्ये 'पेस्ट अ‍ॅज टेक्स्ट' चालू करता येतं. वर्डमधून येणारा कचराही त्याने थांबतो. काहीच जमलं नाही तर ऑपरेटरला कंट्रोल-शिफ्ट-व्ही, म्हणजे फॉरमॅटिंगशिवाय पेस्ट करणं, शिकवा.

'शेतकऱ्यांना' तपासून न बघणं

बाजार समितीच्या साइटवर हा शब्द रोज लागतो. त्यातला 'ऱ्य' युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो. एकात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर असतं. दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि त्यामागे न दिसणारं एक चिन्ह, झिरो विड्थ जॉइनर. काही ठिकाणी मजकूर 'स्वच्छ' करणारी प्रणाली न दिसणारी चिन्हं सरसकट काढून टाकते. जॉइनर गेला की र पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार होऊन बसतो आणि सूचनेत छापलं जातं 'शेतकर्यांना'. लिहिणाऱ्याने बरोबर लिहिलेलं असतं आणि अशुद्धलेखनाचा बोल त्यालाच लागतो, याचं मला फार वाईट वाटतं.

जॉइनर शाबूत राहिला तरी दोन्ही रूपं संगणकाला वेगळी वाटतात, एक शोधलं तर दुसरं सापडत नाही. मी जतन करतानाच दुसऱ्या रूपाचं पहिल्यात रूपांतर करून टाकतो. चार ओळींचा कोड आहे. चाचणीसाठी 'शेतकऱ्यांना, वाऱ्यावर, दुसऱ्या, तऱ्हा' ही ओळ दोन्ही पद्धतींनी टाइप करा आणि जतन केल्यावर पुन्हा उघडून वाचा.

आपल्या लॅपटॉपवर चाचणी करून मोकळं होणं

रावेर-यावलकडचा वार्ताहर बातमी बांधावरून मोबाइलवर लिहितो, अनेकदा बोलून. अँड्रॉइडचा कीबोर्ड मराठी शब्द तयार होत असताना एडिटरला प्रत्येक कळ वेगळी सांगत नाही, बहुतेक कळांसाठी २२९ हा एकच आकडा पाठवतो. कळा मोजून चालणारे जुने एडिटर इथे गोंधळतात. कर्सर ओळीच्या सुरुवातीला उडी मारतो, शब्द दोनदा उमटतो, ठळक केलेल्या शब्दाच्या मागचं अक्षर नाहीसं होतं.

ही चाचणी तुमच्या फोनवर नको, लिहिणाऱ्याच्याच फोनवर, त्याच्याच कीबोर्डवर करा. बोलून एक परिच्छेद टाका, मधला शब्द ठळक करा, त्याच्या शेजारी बॅकस्पेस चालवा, एक लिंक जोडा, एक फोटो टाका. पंधरा मिनिटं लागतात. मी डेमोत छान दिसणारे दोन एडिटर याच पंधरा मिनिटांत बाद केलेत.

सगळी बटणं देऊन टाकणं

रंग, फॉन्ट, आकार, अक्षरांमधलं अंतर ही बटणं काढून टाका. अक्षरांत अंतर वाढवलं की देवनागरीची शिरोरेषा तुटते. बहुतेक देवनागरी फॉन्टना तिरपा अवतार नसतो, मग ब्राउझर सरळ अक्षरंच ओढून तिरकी करतो आणि ती डोळ्याला बोचतात. उपशीर्षक, ठळक, यादी, लिंक, फोटो, अवतरण, एवढ्यावर साप्ताहिक चालतं. शीर्षक मोठं आणि लाल हवं असेल तर ते डिझाइनमध्ये एकदाच ठरवावं, रोज ऑपरेटरने रंगवू नये.

तक्त्याचं बटणही मी शक्यतो देत नाही. केळीचे किंवा नंदुरबारच्या मिरचीचे भाव एक्सेलमधून पेस्ट केले की रकान्यांच्या ठरावीक रुंद्या सोबत येतात आणि मोबाइलवर अर्धा तक्ता पडद्याबाहेर जातो. मुळात रोजचे भाव हे एडिटरचं कामच नाही. तारीख, शेतमाल, आवक, किमान दर, कमाल दर, सर्वसाधारण दर अशी सहा चौकटींची वेगळी नोंद करा. ऑपरेटरचं काम दोन मिनिटांत होतं, आणि पुढच्या वर्षी गेल्या श्रावणातले भाव शोधायचे झाले तर सापडतात.

फोटो मजकुरातच जाऊ देणं

काही एडिटर, उदाहरणार्थ समरनोट आणि क्विल, वेगळी व्यवस्था केली नाही तर फोटो फाइल म्हणून न ठेवता बेस६४च्या, म्हणजे अक्षरांच्या लांबलचक साखळीच्या, रूपात लेखातच कोंबतात. त्यात आकार आणखी एक तृतीयांशाने वाढतो, केळीच्या घडाचा चार एमबीचा फोटो पाच एमबीच्या वर जातो आणि तोही डेटाबेसमध्ये. फोटो सर्व्हरवर चढवून लहान करणारी सोय आधी जोडा, मगच ते बटण दाखवा.

परवाना आणि वय न विचारणं

'फुकट आहे' एवढ्यावर थांबू नका. सीकेएडिटर ४ ची मोफत आवृत्ती जून २०२३ मध्ये संपली. त्यानंतरच्या सुरक्षा दुरुस्त्या पैसे देणाऱ्यांनाच मिळतात, तरी कितीतरी साइटवर ती अजून चालू आहे. टायनीएमसीईचा परवाना पाचव्या आवृत्तीत एलजीपीएल होता, सहाव्यात मोकळा एमआयटी झाला, २०२४ च्या सातव्यात कडक अटींचा जीपीएल. तुमचं सॉफ्टवेअर बंद कोडने विकायचं असेल तर हा फरक महत्त्वाचा ठरतो. क्लाउडवरून चालणारा एडिटर घेण्यापेक्षा फाइल आपल्याच सर्व्हरवर ठेवा. धडगावसारख्या सातपुड्यातल्या गावी नेट कसं असतं हे आपल्याला ठाऊक आहे.

एडिटर बदलायची वेळ आली तर मजकूर सोबत येईल का, हेही आत्ताच बघा. एडिटर डॉट जेएस हा एडिटर जेसन या रचनेत मजकूर देतो, क्विलचं स्वतःचं रूप म्हणजे डेल्टा, त्यांचं एचटीएमएल, म्हणजे वेबपानाचा कोड, करायची सोय तुम्हाला ठेवावी लागते. वर्डप्रेसमध्ये डिसेंबर २०१८ ला आलेला ब्लॉक एडिटर एचटीएमएलमध्येच खुणा पेरतो, त्यामुळे तो बंद केला तरी लेख बहुतांशी वाचता येतो. लहान साप्ताहिकाला मी तोच सुचवतो.

एडिटरच्या गाळणीवर विसंबणं

मजकुरातला धोकादायक कोड काढणारी एडिटरची गाळणी ब्राउझरमध्ये असते, वाकडं करणारा तिला वळसा घालून थेट सर्व्हरला मजकूर पाठवू शकतो. साइट पीएचपी भाषेत असेल तर सर्व्हरवर एचटीएमएल प्युरिफायर ही गाळणी लावाच.

अमळनेरची दुरुस्ती आम्ही अशी केली. आधी बॅकअप. मग २३०४ ते २४३१ या देवनागरीच्या आकड्यांचं आणि ८२०५ या जॉइनरचं तेवढं अक्षरांत रूपांतर केलं. सरसकट सगळे आकडे-खुणा उलटवल्या नाहीत, कारण त्यात 'पेक्षा लहान'सारखी चिन्हं उघडी पडून पानाची मोडतोड होते. शोध त्याच दिवशी चालू झाला. कापले गेलेले शेवट मात्र डेटाबेसमध्ये कुठेच नव्हते. ताईंनी छापील अंक समोर ठेवून ते पुन्हा टाइप केले, या वेळी प्रत्येक लेख जतन केल्यावर शेवटची ओळ वाचून.