जुना ४×५ फील्ड कॅमेरा घेण्यापूर्वी काय तपासावे

४×५ इंचांच्या शीट फिल्मचा घडीचा कॅमेरा समोर आला की बहुतेकांची नजर आधी लेन्सवर जाते. माझ्या मते ती सर्वांत शेवटी जावी. लेन्स आणि शटर पुढेमागे बदलता येतात, पण लेन्स धरणारी पुढची आणि फिल्म धरणारी मागची चौकट समांतर राहत नसेल किंवा फिल्म आणि जिच्यावर फोकस पाहतात ती दुधी काच एकाच अंतरावर येत नसतील, तर उत्तम लेन्सही वाया जाते.

कॅमेरा लाकडी असेल तर त्याने उन्हाळे कुठे काढले, हे आधी विचारावे. नागपुरात मे अखेरच्या नवतपाच्या सुमारास पारा ४५ अंशांच्या आसपास असतो आणि त्याच दिवसांत घरोघरी कूलर चालू असतात. त्यामुळे लाकूड कोरड्या झळांनी आकसते आणि कूलरच्या दमट हवेने फुगते. फोकसचा नॉब सुरुवातीपासून शेवटपर्यंत फिरवावा. मध्येच एखाद्या जागी तो जड लागला, तर खालची पट्टी वाकलेली आहे असे समजावे. जुन्या स्टुडिओतून निघालेला कॅमेरा अनेकदा हाफ प्लेटचा, म्हणजे ४¾×६½ इंचांचा असतो आणि त्यात ४×५ चा होल्डर, म्हणजे शीट फिल्म धरणारी चपटी पेटी, बसत नाही. म्हणून स्वतःचा होल्डर सोबत नेलेला बरा.

त्यानंतर कॅमेरा ट्रायपॉडवर लावून चौकटी सरकवण्या-कलवण्याच्या सर्व हालचाली शून्यावर आणाव्यात, नॉब घट्ट करावेत आणि दोन्ही चौकटींमधले अंतर स्टीलच्या पट्टीने चारही कोपऱ्यांत मोजावे. चारही मापे जवळजवळ सारखी यायला हवीत. मग लेन्स बोर्डाला बोटाने हलका दाब द्यावा. चौकट डुलली, तर प्रत्येक वेळी शटर चढवताना फोकस सरकणार.

दोन्ही चौकटींना जोडणारा घड्यांचा भाता पूर्ण ताणून अंधाऱ्या खोलीत त्याच्या आत पेटता टॉर्च ठेवावा आणि घड्यांचे कोपरे बाहेरून सावकाश निरखावेत, कारण भोके बहुधा तिथेच पडतात. भात्याची लांबीही मोजावी. १५० मिमीच्या लेन्सने वस्तू तिच्या मूळ आकाराएवढी टिपायची तर ३०० मिमी ताण लागतो, आणि तेव्हा एक्स्पोजर चौपट, म्हणजे दोन स्टॉप वाढवावे लागते. याउलट ९० मिमीची लेन्स लावायची असेल, तर भाता पुरेसा आखडतो का आणि आखडल्यावरही पुढची चौकट वर सरकते का, हे पाहावे.

दुधी काचेची खरखरीत बाजू लेन्सकडे असली पाहिजे. माझ्या पहिल्या कॅमेऱ्यात आधीच्या मालकाने पुसण्यासाठी काढलेली काच उलटी बसवली होती. एफ २२ वर, म्हणजे लेन्सचे छिद्र बारीक करून, काढलेल्या चित्रांत ती चूक झाकली गेली आणि एफ ५.६ वर, म्हणजे छिद्र मोठे ठेवून, काढलेल्या पहिल्याच पोर्ट्रेटमध्ये डोळ्यांऐवजी दुसराच भाग तीक्ष्ण आला. म्हणून चाचणी नेहमी लेन्स पूर्ण उघडून घ्यावी: टेबलावर मोजपट्टी तिरपी ठेवावी, मधल्या आकड्यावर भिंगाने फोकस करावा आणि एक शीट खर्ची घालावी. शीट महाग वाटत असेल, तर होल्डरमध्ये फोटोग्राफिक कागद कापून घालावा. तो लाल दिव्यातही धुता येतो, फक्त त्याची संवेदनशीलता कमी असल्याने एक्स्पोजर बरेच वाढवावे लागते.

हालचाली तपासायला नागपुरातल्या झिरो माइलचा वालुकाश्माचा खांब सोयीचा आहे. कॅमेरा लेव्हलमध्ये ठेवून तो न कलवता केवळ पुढची चौकट वर नेऊन खांबाचे टोक काचेवरच्या चित्रात आणावे. काचेवरच्या उभ्या रेषांशी खांबाच्या कडा समांतर राहिल्या पाहिजेत. काचेचे कोपरे काळे पडले, तर दोष बहुधा कॅमेऱ्याचा नव्हे; त्या लेन्सचे प्रतिमा-वर्तुळ, म्हणजे ती जेवढ्या गोलात चित्र पाडते तो गोल, अपुरे आहे. हे काम सकाळी लवकर उरकावे, कारण दुपारच्या उन्हात काळ्या कापडाखाली डोके घालून उभे राहणे म्हणजे शिक्षाच.

लेन्स आता हातात घ्यावी. तिच्यातून टॉर्चचा प्रकाश आरपार पाहिला की बुरशीचे जाळे दिसते. शटर १ सेकंदावर ठेवून त्याचा आवाज फोनवर रेकॉर्ड करावा; उघडण्याच्या आणि मिटण्याच्या खटक्यांतले अंतर बरेच जास्त भरले, तर आतले वंगण घट्ट झाले आहे आणि सफाईचा खर्च किमतीतून वजा करून मागावा.