इंग्लंडची बॅग भरताना

व्हिसापासून सुरुवात करू, कारण बाकी सगळं त्यावर अडतं. प्रवासाच्या तारखेआधी तीन महिन्यांपासून अर्ज करता येतो आणि निकाल साधारण तीन आठवड्यांत लागतो. मे महिन्याच्या सुट्टीत निघायचं असेल तर फेब्रुवारीतच हात घाला. शेंगेन व्हिसावर (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या) इंग्लंडमध्ये पाऊल टाकता येत नाही, हे पॅरिसची तिकिटं काढून बसलेल्यांनी आधी लक्षात घ्यावं. फॉर्म ऑनलाइन भरायचा आणि बोटांचे ठसे द्यायला मुंबई-पुण्याच्या केंद्रात जायचं. व्हिसा अधिकाऱ्यांचा खरा डोळा बँक स्टेटमेंटवर असतो. अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात अचानक चार लाख आले असतील, तर ते कुठून आले याचा कागद सोबत जोडा. मुलाकडे राहणार असाल तर त्याचं पत्र आणि घराचा पत्ता लागेल. याच कागदांचा एक संच हातातल्या बॅगेत असू द्या. लंडनच्या हीथ्रो विमानतळावरचा अधिकारी विचारतो ते एवढंच: किती दिवस, कुठे राहणार, खर्च कोण करणार. विचारलं तेवढंच सांगा. मुलाचं पॅकेज त्याला ऐकायचं नसतं.

प्रवास विमा व्हिसासाठी सक्तीचा नाही, म्हणून बरेच जण तिथेच पैसे वाचवतात. ‘तिकडे दवाखाना फुकट असतो’ हे अर्धसत्य आहे. तातडीच्या विभागात पाहुण्यालाही फुकट तपासतात, पण ॲडमिट केलं की बिल सुरू होतं, आणि तेही तिथल्या नेहमीच्या दराच्या दीडपट. बीपी, शुगर असेल तर विमा घेताना लपवू नका. गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट न्या. अँटिबायोटिक तिथला केमिस्ट चिठ्ठीशिवाय देणार नाही.

आता खाऊ. मांस, दूध आणि दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. म्हणजे पेढे, खवा, श्रीखंड, पनीर आणि आईनं कढवलेलं तूप, सगळं घरीच. सुनेसाठी हापूसची पेटी न्यायची असेल तर नियम आधी बघून घ्या, बऱ्याच ताज्या फळांना वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो. भाजणी, मेतकूट, सुकी चटणी, चिवडा, भाकरवडी यांना कोणी हात लावत नाही. दुबईमार्गे जाणार असाल तर खसखस अजिबात नको, अनारशावरचीसुद्धा नको; ती तिकडे अमली पदार्थांत मोडते. डाळ-तांदूळ कशाला वाहता? तिथल्या सुपरमार्केटात ते मिळतात.

पैशांचं सोपं आहे, जवळजवळ सगळीकडे कार्ड चालतं. निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार सुरू करा. भारतातलं सिम बंद करू नका, रोमिंग चालू ठेवा, कारण ओटीपी त्याच नंबरवर येणार. मामांनी जुन्या ट्रिपमधले कागदी पौंड प्रेमानं हातात ठेवले तर घ्या, पण दुकानात ते चालणार नाहीत. वीस आणि पन्नासच्या कागदी नोटा 30 सप्टेंबर 2022 नंतर व्यवहारातून गेल्या, आता सगळ्या प्लॅस्टिकच्या. चौकोनी तीन पिनांचा ॲडाप्टर दोन तरी घ्या. आपली गोल पिन तिथे बसत नाही.

रेल्वेवर जरा वेळ घालवा, पैसे तिथेच वाचतात. लांबच्या गाड्यांची तिकिटं विमानासारखी महागत जातात. लंडन ते यॉर्क आधी काढलं तर परवडतं, सकाळच्या गर्दीत खिडकीवर जाऊन काढलं तर पोटात गोळा येतो. आगाऊ काढलेलं स्वस्त तिकीट फक्त त्याच गाडीला चालतं, मागची गाडी पकडू म्हणाल तर नवीन तिकीट पडेल. जोडीनं फिरणार असाल तर दोघांचं मिळून एक रेलकार्ड निघतं आणि भाड्यात एक तृतीयांश सूट मिळते. साठी उलटलेल्यांचं वेगळं आहे. पर्यटकांनाही ती काढता येतात. रविवारी रूळदुरुस्ती काढतात आणि गाडीऐवजी बसमध्ये बसवतात, तेव्हा मोठा प्रवास रविवारी ठेवू नका. 25 डिसेंबरला तर गाड्याच नसतात, लंडनमध्ये बस आणि मेट्रोही नाही. एरवी लंडनमध्ये कार्ड टेकवायचं आणि निघायचं, पण प्रत्येकाचं कार्ड वेगळं हवं. मेट्रोतून बाहेर पडतानाही टेकवा, नाहीतर जास्तीत जास्त भाडं कापतात. बसमध्ये फक्त चढताना. रोख पैसे तिथला ड्रायव्हर घेतच नाही. अकरा वर्षांखालच्या मुलांना मोठ्यांसोबत फुकट.

कपड्यांत जाड स्वेटरपेक्षा एकावर एक चढवता येतील असे पातळ थर आणि पाणी न झिरपणारं जाकीट. छत्री वाऱ्यात उलटी होते. जूनमध्ये रात्री नऊनंतरही उजेड असतो, डिसेंबरमध्ये चारला अंधार. दिवसभराचा बेत त्यावरून आखा.

आणि बाथरूम! याबद्दल कोणी आधी सांगत नाही. जेट नाही, बादली नाही, मग्गा नाही. एक प्लॅस्टिकचा तांब्या बॅगेत टाकाच. जमिनीला पाणी जायला वाट नसते. टबाबाहेर पाणी सांडलं तर ते खालच्या मजल्याच्या छतातून टपकतं आणि घरमालक दारात उभा राहतो. म्हणून अंघोळीआधी पडद्याचं टोक टबाच्या आत घ्या, नंतर पायपुसण्यावर उतरा. दिव्याचं बटण शोधू नका, छतातून लोंबणारी दोरी ओढायची असते. मात्र अपंगांच्या स्वच्छतागृहातली लाल दोरी ओढू नका, तो धोक्याचा अलार्म आहे. नळाचं पाणी बिनधास्त प्या. बऱ्याच जुन्या लॉजना लिफ्ट नसते आणि जिना अरुंद असतो, तेव्हा एका मोठ्या बॅगेपेक्षा दोन लहान बऱ्या.

माणसांची तयारीही लागते. इंग्रज रांग मोडणाऱ्याला ओरडत नाही, नुसता बघतो, आणि ते जास्त लागतं. बसमधून उतरताना ड्रायव्हरला थँक्यू म्हणण्याची पद्धत आहे. पगार, वय, लग्न का नाही केलं, हे प्रश्न इथेच सोडून जा. पावसावर मात्र कितीही बोला. ‘कधीतरी जेवायला या’ म्हणाले तर तारीख सांगेपर्यंत ते आमंत्रण धरू नका (यात आपल्याला नवल वाटायला नको). तारीख ठरली की वेळेवर जा, फार तर दहा मिनिटं उशिरा, हातात फुलं किंवा चॉकलेट घेऊन. व्हेजिटेरियन म्हणजे अंडं चालतं असं ते धरून चालतात, तेव्हा नको असेल तर आधीच सांगा. पबमध्ये टेबलावर बसून वेटरची वाट बघू नका, काउंटरवर जाऊन ऑर्डर द्यायची असते. स्वयंपाकघर बहुधा नऊच्या आत बंद होतं. आणि स्कॉटलंडला पोचलात तर तिथल्या माणसाला इंग्रज म्हणू नका.

लंडनमधली मोठी सरकारी संग्रहालयं फुकट आहेत. त्यांत एक दिवस वाचवून प्रिमरोज हिलजवळच्या किंग हेन्रीज रोडवर जा. तिथल्या दहा नंबरच्या घरात डॉ. आंबेडकर 1921-22 मध्ये राहिले. महाराष्ट्र सरकारनं ते 2015 मध्ये घेतलं आणि आता तिथे स्मारक आहे. उघडं असण्याच्या वेळा आधी बघून घ्या. हायगेटच्या क्रॉमवेल ॲव्हेन्यूवर सावरकर राहिलेलं इंडिया हाउस (भारतीय विद्यार्थ्यांचं तेव्हाचं वसतिगृह) आहे, निळ्या पाटीवरून ओळखता येतं. ते बाहेरूनच बघायचं. आत लोक राहतात, बेल वाजवू नका.