बॉल पायथन घरी यायच्या आधी काचेचा टँक कसा तयार करायचा (ठाण्याच्या हवेत)

बॉल पायथन (पाळला जाणारा एक छोटा अजगर) घ्यायचं ठरतंय आणि टँक कसला घेऊ, असा प्रश्न ज्यांना पडलाय त्यांच्यासाठी सगळं एका जागी लिहितेय. यूट्यूबवर जे सेटअप दाखवतात ते बहुतेक थंड, कोरड्या हवेच्या देशांतले असतात, तिथली सगळी धडपड टँकमध्ये ऊब आणि ओलावा टिकवायची, आणि आपल्याकडे ठाण्यात जून ते सप्टेंबर नेमकं उलटं, आत साठलेला ओलावा बाहेर कसा काढायचा हीच काळजी. हे डोक्यात ठेवूनच खरेदीला निघा.

टँकच्याही आधी कागदपत्रं. नाग, धामण, दिवड, मांडूळ, आपला अजगर, हे सगळे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात येतात, घरात ठेवताच येत नाहीत, मग तो सोसायटीच्या आवारात सापडलेला असो नाहीतर कुणी प्रेमाने आणून दिलेला असो. बॉल पायथन मूळचा आफ्रिकेतला, सायटीस, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार, त्याच्या परिशिष्ट 2 मधला, त्यामुळे तो आपल्या कायद्याच्या अनुसूची 4 खाली येतो आणि 2024 च्या नियमांप्रमाणे ताब्यात आल्यापासून 30 दिवसांत परिवेश या सरकारी पोर्टलवर त्याची नोंदणी करावी लागते. विकणारा "कागद नंतर देतो" म्हणाला तर तिथून सरळ निघून या. आणि हा प्राणी 20-30 वर्षं जगतो, कंटाळा आला म्हणून येऊरच्या जंगलात सोडायचा विचार कधीही करायचा नाही, त्याच्यासाठीही वाईट आणि तिथल्या प्राण्यांसाठीही.

आता टँक. मोठा साप साधारण 3 ते 5 फूट होतो, म्हणून 4 बाय 2 बाय 2 फुटांचा टँक डोळ्यासमोर ठेवा. माशांचा तयार टँक वरून उघडतो आणि वरून हात आला की साप बिचकतो, जंगलात त्याच्यावर झडप वरूनच पडते, म्हणून अ‍ॅक्वेरियम बनवणाऱ्याकडून समोर दोन सरकत्या काचा असलेला करून घ्या. दुकानातल्या काचेच्या शोकेसला जे दातेरी पट्टीचं छोटं कुलूप असतं तेच इथे लावायचं, कारण साप नाकाने काच ढकलत राहतो आणि बोटभर फट मिळाली तरी निसटतो. दोन काचा जिथे एकमेकींवर येतात ती फटसुद्धा बघून घ्या, पिल्लू तिथूनही जाऊ शकतं. 6 मिमी काच धरली तर रिकामा टँकच 45 किलोच्या आसपास भरतो, तेव्हा प्लायवूडच्या डुगडुगत्या टेबलाचा विचार सोडा, लोखंडी स्टँड करून घ्या. काचा जोडणाऱ्या सिलिकॉनला सुरुवातीला व्हिनेगरसारखा वास येतो, तो पूर्ण जाईपर्यंत टँक उघडा ठेवायचा. मागची आणि दोन बाजूंची काच बाहेरून काळ्या चार्टपेपरने झाकली की सापाला चारी बाजूंनी उघडं पडल्यासारखं वाटत नाही. एवढ्याशा गोष्टीने त्याच्या वागण्यात फरक पडतो, खरंच करा.

हवा खेळण्यासाठी वरची बाजू पूर्ण जाळीची आणि शक्य असेल तर एका बाजूला खालीही जाळीची पट्टी, म्हणजे हवा खालून आत येऊन वरून जाते. आत ओलावा 55 ते 70 टक्के हवा. आपल्याकडे पावसाळ्यात खोलीतच 85 दिसतो, आणि सतत ओलं राहिलं तर पोटाखालचे खवले सडतात, छातीत संसर्ग होतो, तोंड उघडून श्वास घेणं किंवा नाकाशी बुडबुडे दिसले की थेट डॉक्टर. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये खाली साधा कोरडा कागद, रोज बदलायला सोपा, आणि बाकीच्या महिन्यांत नारळाच्या सोडणाचे तुकडे किंवा कोकोपीट, घोडबंदर रोडच्या नर्सऱ्यांमध्ये मिळतं, धुवून उन्हात वाळवून वापरा. पाइन किंवा सीडरचा भुसा नको. एसीच्या खोलीत मात्र हवा कोरडी पडते आणि कात तुकड्यातुकड्यात निघते, तिथे एका डब्यात ओलसर मॉस (शेवाळ्यासारखी वनस्पती) ठेवायचं, बुरशीचा वास आला की फेकायचं.

उष्णतेसाठी टँकच्या एका टोकाला खालून, बाहेरच्या बाजूने हीट मॅट (विजेवर तापणारी चटई), आणि थर्मोस्टॅटशिवाय (ठरलेल्या तापमानाला मॅट आपोआप चालू-बंद करणारं यंत्र) ती कधीच लावायची नाही, नुसत्या मॅटने साप भाजतो आणि त्याला ते वेळेत कळतही नाही. मॅटच्या बाजूला टँकखाली रबराचे पाय देऊन थोडी जागा सोडा. गरम बाजू 31 ते 33 अंश, थंड बाजू 25 ते 27. मे महिन्यात वरच्या मजल्यावरच्या खोलीत थंड बाजूच 32 ला जाते, मग सापाला सरकायला जागाच उरत नाही, त्या दिवसांत थर्मोस्टॅट मॅट बंदच ठेवतो पण खोली थंड ठेवायचं काम तुमचं. लाइट गेली तर जानेवारीच्या रात्री मॅट इन्व्हर्टरवर आरामात चालते. दोन्ही टोकांना वेगळे थर्मामीटर आणि हायग्रोमीटर (ओलावा मोजणारे) हवेत, डायलवाले गोल नकोत, डिजिटल घ्या.

लपायला दोन जागा, एक गरम बाजूला आणि एक थंड बाजूला, दोन्ही घट्ट, अंग दोन्हीकडे टेकेल अशा. हा साप जंगलात उंदरांच्या बिळांत आणि वारुळांत राहतो, ऐसपैस गुहा त्याला आवडत नाही. पाण्याचं भांडं जड हवं, पावसाळ्यात छोटं आणि थंड बाजूलाच.

घरातल्या बाकीच्या तयाऱ्या लोक विसरतात. स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा, आजीच्या जाळीच्या कपाटाला असायच्या तशा, मुंग्या चढत नाहीत, पण पाणी आठवड्यातून बदला आणि वर तेलाचे दोन थेंब सोडा, नाहीतर डास होतील. सोसायटीत पेस्ट कंट्रोल असेल त्या दिवशी साप दुसऱ्या घरी हलवा, मच्छर कॉइल आणि लिक्विड त्या खोलीत बंद, या औषधांचा सापांना फार त्रास होतो. वॉशिंग मशीन किंवा होम थिएटरच्या शेजारी टँक नको, हादरे त्याला थेट पोटाने जाणवतात, आणि गणपतीत ढोल-ताशा खिडकीखालून जाणार असेल तर आतल्या खोलीत जागा बघा. फ्रीजरमध्ये गोठवलेल्या उंदरांचा झाकणबंद वेगळा डबा लागणार, ते घरच्यांना आत्ताच सांगा, नंतर स्वयंपाकघरात कळलं तर सापच परत जाईल. जिवंत उंदीर टाकू नका, तो सापाला चावतो. आणि सरपटणारे प्राणी तपासणारा डॉक्टर आधीच शोधून ठेवा, कुत्र्या-मांजरांचा प्रत्येक डॉक्टर साप बघतोच असं नाही.

सगळं लावून झालं की टँक रिकामाच आठवडाभर चालवा आणि सकाळ, दुपार, रात्र तापमानाचे आणि ओलाव्याचे आकडे लिहून ठेवा. दुपारी बरोबर आणि पहाटे भलतेच दिसत असतील तर मॅट किंवा जाळी आत्ता बदलता येते. मग साप आणा, आत सोडा, काच लावा, कुलूप घाला आणि पहिले पाच-सात दिवस हातात घेऊ नका, फक्त पाणी बदला. पहिलं खाणं त्यानंतर द्यायचं, कोमट पाण्यात पूर्ण वितळवलेलं, चिमट्याने धरून, आणि नाही खाल्लं तर घाबरू नका, आठवड्याने परत द्या.