दोन सूर्यांचा ग्रह शोधायचाय? आधी ग्रहणं मोजा

बीएस्सीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातली मुलंमुली मला अधूनमधून विचारतात, की दोन ताऱ्यांभोवती फिरणारे ग्रह शोधायचं काम करायचं आहे, सुरुवात कुठून करू? तोवर बहुतेकांनी अधिक्रमणाची, म्हणजे ट्रान्झिटची पद्धत वाचलेली असते. ग्रह ताऱ्यासमोरून जातो, ताऱ्याचा प्रकाश किंचित घटतो, ठरावीक दिवसांनी पुन्हा तेवढाच घटतो. एकट्या ताऱ्यापुरतं हे ठीक आहे. जोडताऱ्यांकडे वळलात की यातलं ‘ठरावीक दिवसांनी’ गळून पडतं आणि सगळं कामच वेगळं होऊन बसतं. मी याच विषयात पीएचडी केली आणि अजून त्यातच रमले आहे. त्या बळावर एक गोष्ट आग्रहाने सांगते: ग्रह नंतर. आधी त्या दोन ताऱ्यांची ग्रहणं नीट मोजायला शिका.

हे का, ते केप्लर-16 या जोडताऱ्यावरून चांगलं कळतं. 2011च्या सप्टेंबरात लॉरन्स डॉइल आणि सहकाऱ्यांनी तिथल्या ग्रहाचा शोध जाहीर केला. दोन ताऱ्यांसमोरून जाताना स्पष्ट पकडला गेलेला हा पहिला ग्रह. त्यातल्या ताऱ्यांची वस्तुमानं सूर्याच्या साधारण 0.69 आणि 0.20 पट आहेत आणि ते 41 दिवसांत एकमेकांभोवती एक फेरी पुरी करतात. आपण त्यांच्याकडे जवळजवळ कडेने पाहतो, त्यामुळे त्यांची ग्रहणं दिसतात. लहान तारा मोठ्याच्या पुढे आला की एकूण प्रकाश 13 टक्क्यांनी घटतो, मागे गेला की 1.6 टक्क्यांनी. नासाच्या केप्लर या अवकाश दुर्बिणीच्या नोंदींत याखेरीज प्रकाश घटल्याचे आणखी खळगे होते: काही 1.7 टक्क्यांचे, काही टक्क्याच्या दहाव्या भागाएवढे. तो होता ग्रह. एकदा मोठ्या ताऱ्यासमोरून जाणारा, एकदा लहान ताऱ्यासमोरून.

आता गंमत बघा. मोठ्या ताऱ्यासमोरच्या लागोपाठच्या खळग्यांमधलं अंतर आधी 230.3 दिवस होतं, मग 221.5 दिवस. जवळपास नऊ दिवसांचा फरक! कारण ग्रह येतो तेव्हा तारा मागच्या वेळच्या जागी नसतो. तोही जोडीच्या गुरुत्वमध्याभोवती फिरत असतो. खळग्याची लांबीही बदलते. तारा त्या क्षणी ग्रहाच्याच दिशेने सरकत असेल तर ग्रहाला त्याला ओलांडायला जास्त वेळ लागतो, उलट दिशेने असेल तर कमी. म्हणजे खळगा कधी पडला आणि किती वेळ टिकला, हे दोन्ही त्या क्षणी तारे कुठे होते याच्याशी जुळलं पाहिजे. पार्श्वभूमीतली एखादी भलतीच जोडी तुमच्या डेटात डोकावून एकट्या ताऱ्याच्या ग्रहाचं सोंग सहज आणू शकते. दोन ताऱ्यांच्या ग्रहाचं सोंग मात्र तिला जमत नाही. म्हणूनच असा ग्रह सापडणं कठीण, पण सापडला की त्याच्यावर शंका घेणंही तितकंच कठीण.

या सगळ्याला ताऱ्यांच्या जागा अचूक ठाऊक हव्यात, आणि त्या कळतात ग्रहणांच्या वेळांवरून. माझ्या पीएचडीचे सुरुवातीचे महिने निव्वळ ग्रहणांचे मध्यबिंदू काढण्यात गेले. आमच्या बैठकांत ग्रहाचा विषयही निघत नसे. त्या वेळी हे फार रुक्ष वाटायचं. आज माझ्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांकडून मी तेच करून घेते, कारण ग्रहाचं वस्तुमानही तिथेच दडलेलं असतं. केप्लर-16च्या ग्रहणांच्या वेळा काटेकोर आवर्तनापासून साधारण मिनिटभर हलतात. तिसरी वस्तू तारा असती तर त्या कितीतरी जास्त हलल्या असत्या. या मिनिटभराच्या हालचालीतूनच कळलं की ही वस्तू गुरूच्या एक तृतीयांश वस्तुमानाची, म्हणजे शनीच्या पंगतीतली आहे.

वेळेबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण नवखी मुलं इथेच सर्वात जास्त अडतात. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्यामुळे एकाच ताऱ्याचा प्रकाश वर्षभरात आपल्यापर्यंत कधी लवकर, कधी उशिरा पोहोचतो. हा फरक दोन्ही बाजूंना 8.3 मिनिटांपर्यंत जाऊ शकतो. म्हणून प्रत्येक वेळ सूर्यमालेच्या गुरुत्वमध्यावर नेऊन लिहायची असते. शिवाय आपलं घड्याळ ज्या प्रमाणवेळेवर चालतं ती आणि खगोलगणितातली एकसमान वेळ यांत सध्या सुमारे 69 सेकंदांचं अंतर आहे. दोन दुर्बिणींच्या नोंदी एकत्र करताना हे बघितलं नाही, तर नसलेला ग्रह उभा राहतो. आणि शोधायचं किती लहान असतं? एकूण सूर्याएवढ्या वस्तुमानाच्या जोडीभोवती गुरूएवढा ग्रह गुरूच्याच अंतरावर फिरत असेल, तर जोडी पुढे-मागे हलल्याने ग्रहणं फार तर अडीच सेकंद लवकर किंवा उशिरा दिसतील. हा आकडा स्वतः काढून बघा. गुरूचं अंतर, सूर्य आणि गुरू यांच्या वस्तुमानांचं गुणोत्तर आणि प्रकाशाचा वेग एवढंच लागतं. ताऱ्यावर डाग असतील तर त्यांच्यामुळेही ग्रहणाचा मध्यबिंदू सरकल्यासारखा भासतो. तो भाग वेगळा काढायला शिकणं हे स्वतंत्र काम आहे.

दुर्बीण नसली तरी या सगळ्याची चव घेता येते. पावसाळा सरला की ययाती तारकासमूहातल्या अल्गॉल या ग्रहणकारी जोडताऱ्याकडे बघायला लागा. दर 2 दिवस 20 तास 49 मिनिटांनी त्याची तेजस्वितेची प्रत (आकडा जितका मोठा तितका तारा मंद) 2.1 वरून 3.4 पर्यंत उतरते, आणि ही उतरण-चढण साधारण दहा तास चालते. नुसत्या डोळ्यांनी, शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करत, दर पंधरा-वीस मिनिटांनी अंदाज लिहीत जा आणि सर्वात मंद क्षण आलेखावरून काढा. इंग्लंडमधल्या यॉर्क इथे जॉन गुडरिकने 1783 मध्ये हेच करून दाखवलं होतं. अल्गॉलच्या जोडीभोवती तिसरा तारा जवळपास 680 दिवसांत फिरतो आणि त्याच्यामुळे जोडीच्या ग्रहणांच्या वेळा मागेपुढे होतात. ग्रहाच्या जागी तारा, पण युक्ती तीच. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था, मुंबईचं खगोल मंडळ अशा संस्थांत रूपविकारी, म्हणजे तेज बदलणाऱ्या ताऱ्यांच्या निरीक्षणाची माहिती असलेली माणसं भेटतात. त्यांच्यासोबत काढलेली एखादी रात्र फार शिकवते.

आता ग्रहांकडे. नेहमीचे संगणकीय शोधक ठरावीक आवर्तन गृहीत धरून प्रकाशवक्राची, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश वेळेनुसार दाखवणाऱ्या आलेखाची, घडी घालतात, आणि इथे तेच लागू नसल्याने ते गडबडतात. त्यात ताऱ्यांची ग्रहणं इतकी खोल असतात की ग्रहाचा खळगा त्यांच्यापुढे कुठल्याकुठे हरवतो. वेळेत सैलपणा ठेवणाऱ्या पद्धती पुढे आल्या, तरी यातले पुष्कळ ग्रह माणसाच्या नजरेने सापडलेले आहेत. चार ताऱ्यांच्या व्यवस्थेतला केप्लर-64चा ग्रह कियान जेक आणि रॉबर्ट गॅग्लियानो या हौशी स्वयंसेवकांनी प्लॅनेट हंटर्स प्रकल्पात प्रकाशवक्र बघता बघता शोधला; 2012 मध्ये तो जाहीर झाला. टीओआय-1338 या जोडताऱ्याचा ग्रह 2019च्या उन्हाळ्यात वुल्फ कुकियर या शाळकरी मुलाला दिसला, नासाच्या गोडार्ड केंद्रात उमेदवारीला आल्याच्या तिसऱ्या दिवशी. त्याला वाटलं होतं ताऱ्याचंच ग्रहण आहे, पण वेळ जुळेना. वेळ जुळत नाही हे लक्षात यायला आधी ग्रहणं कधी व्हायला हवीत ते माहीत लागतं. माझ्या आग्रहाचं कारण हेच.

नासाची टेस ही अवकाश दुर्बीण आकाशाचा एक पट्टा साधारण 27 दिवस बघते आणि पुढे सरकते. शंभर-दोनशे दिवसांनी फिरणाऱ्या ग्रहाचे तीन खळगे तिथे कुठून मिळणार? जोडताऱ्यांनीच यावर वाट काढून दिली. ग्रह एका फेरीत पुढून जाताना दोन्ही ताऱ्यांना ओलांडू शकतो, म्हणजे काही दिवसांच्या अंतराने दोन खळगे. टीआयसी 172900988 या जोडीचा ग्रह 2021 मध्ये असाच ओळखला गेला. पाच दिवसांच्या अंतराने पडलेले ते दोन खळगे एकाच पट्ट्यात मिळाले होते. टेसचा एक पिक्सेल 21 कोनीय सेकंदांचा, केप्लरचा 4 चा. त्यामुळे टेसमध्ये शेजारच्या ताऱ्यांचा प्रकाश सर्रास मिसळतो. खळगा दिसला की आनंद करण्याआधी पिक्सेलपातळीची चित्रं उघडायची सवय लावून घ्या.

आणखी एक विलक्षण गोष्ट: हे ग्रह दिसेनासे होतात. ताऱ्यांच्या ओढीने ग्रहाच्या कक्षेचं प्रतल डोलत राहतं. केप्लर-16चा ग्रह 2018च्या सुमारास मोठ्या ताऱ्यासमोरून जायचा थांबला. गणितानुसार 2042च्या आसपास तो पुन्हा जायला लागेल. याचा दुसरा अर्थ असा, की जिथे आज काही दिसत नाही तिथे दहा वर्षांनी दिसू शकतं. जुना डेटा पुन्हा उपसणं या क्षेत्रात वाया जात नाही.

अधिक्रमणाने सापडलेले असे ग्रह आजही मोजकेच आहेत, पण त्यांतून दोन ठळक प्रश्न उभे राहिलेत. जोडीच्या फार जवळ ग्रह टिकत नाही. ढोबळमानाने ताऱ्यांमधल्या अंतराच्या दोन ते चार पट दूर असला तरच कक्षा स्थिर राहते. होलमन आणि विगर्ट यांनी 1999 मध्ये याचं सूत्र दिलं. सापडलेले बरेच ग्रह या सीमेच्या जेमतेम बाहेर बसलेत. ते तिथे जन्मले असणं कठीण, दूर तयार होऊन आत सरकले असावेत. दुसरा प्रश्न मला जास्त अस्वस्थ करतो. ग्रहणं दाखवणाऱ्या जोड्यांत थोड्या दिवसांत फिरणाऱ्यांचीच गर्दी असते, तरी केप्लरला सात दिवसांहून कमी काळात फिरणाऱ्या जोडीभोवती एकही ग्रह मिळाला नाही. तीन ग्रह असलेली केप्लर-47 ही जोडी 7.45 दिवसांची, जवळजवळ काठावरची. एका मतानुसार अशा घट्ट जोड्या दूरच्या तिसऱ्या ताऱ्याच्या ओढाताणीतून घट्ट होत गेल्या, आणि त्या धामधुमीत ग्रह उरले नाहीत. नव्याने येणाऱ्याने हात घालावा असा प्रश्न मला विचाराल तर हाच.

एक सावधगिरीही सांगते. केवळ ग्रहणांच्या वेळांवरून ग्रह जाहीर करण्याच्या मोहात पडू नका. एचयू ॲक्वेरिआय या जोडीभोवती सुचवलेल्या दोन ग्रहांच्या कक्षा संगणकावर पुढे चालवून पाहिल्या तर त्या टिकतच नव्हत्या. व्ही471 टॉरीभोवती वेळांवरून तपकिरी बटू, म्हणजे ग्रहाहून मोठी पण तारा होऊ न शकलेली वस्तू, असल्याचं म्हटलं जायचं. 2015 मध्ये चिलीतल्या मोठ्या दुर्बिणीने थेट शोध घेतला, तिथे तो आढळला नाही. ताऱ्यांच्या स्वतःच्या चुंबकीय चक्रांमुळेही जोडीचा आवर्तनकाळ बदलतो. वेळांना दुसऱ्या पुराव्याची जोड हवीच.

तो पुरावा बऱ्याचदा वर्णपटातून येतो: त्यातल्या रेषा किती सरकल्या यावरून ताऱ्याचा वेग कळतो. जोडीतल्या ताऱ्याचा वेग सेकंदाला कित्येक किलोमीटर, आणि ग्रहामुळे त्यात पडणारा फरक केप्लर-16च्या बाबतीत सेकंदाला जेमतेम बारा मीटर. दोन्ही तारे तेजस्वी असले तर त्यांच्या रेषा एकमेकींत मिसळतात, म्हणून एक तारा फारच मंद असलेल्या जोड्या निवडतात. 2022 मध्ये फ्रान्समधल्या ओत-प्रोव्हान्स वेधशाळेच्या 193 सेंटिमीटर दुर्बिणीने केप्लर-16चा ग्रह असा मोजला. एवढ्या जुन्या, मध्यम आकाराच्या दुर्बिणीने! ही बातमी वाचली तेव्हा मला फार आनंद झाला, कारण माउंट अबूला भौतिकी संशोधन प्रयोगशाळेची 2.5 मीटरची दुर्बीण आणि तिच्यावरचा पारस-2 वर्णपटमापक आहे, आणि आधीच्या पारसवर सूर्यासारखा तारा व लाल बटू (लहान, मंद तारा) अशा ग्रहणकारी जोड्यांवर काम झालेलं आहे. हे काम भारतातून होऊ शकतं.

शिक्षणाच्या वाटेबद्दल थोडक्यात. भौतिकशास्त्रातून या किंवा अभियांत्रिकीतून, यामिकी आणि संख्याशास्त्र पक्कं हवं. केप्लरचं समीकरण (कक्षेत फिरणारी वस्तू केव्हा कुठे असेल ते सांगणारं) सोडवणारा प्रोग्राम एकदा तरी स्वतः लिहा, मगच तयार साधनं वापरा: प्रकाशवक्रांसाठी लाइटकर्व्ह, कक्षा पुढे चालवायला रीबाउंड, जोडताऱ्यांच्या प्रतिकृतीसाठी फीबी. सगळी फुकट आहेत. केप्लर आणि टेसचा डेटाही मास्ट या संग्रहातून कुणालाही उतरवता येतो, त्यामुळे साताऱ्यातल्या खोलीत बसून मी जे प्रकाशवक्र बघायचे तेच कुठल्याही मोठ्या विद्यापीठातली माणसं बघत होती. भारतात पीएचडीसाठी जेस्टसारख्या परीक्षा द्याव्या लागतात. त्याआधी पुण्याच्या आयुका या खगोल संशोधन संस्थेच्या उन्हाळी कार्यक्रमांना जरूर अर्ज करा. अशा ठिकाणी दोन महिन्यांत कळतं की दिवसभर आलेख बघत बसणं आपल्याला मानवतं का.

मार्गदर्शकाला पत्र पाठवाल तेव्हा विश्वाच्या ओढीवर परिच्छेद लिहू नका. व्हिलानोव्हा विद्यापीठाने केप्लरच्या ग्रहणकारी जोड्यांची यादी खुली ठेवली आहे, त्यात 2,800हून अधिक जोड्या आहेत. त्यातली एक निवडा, 7 ते 40 दिवसांच्या आवर्तनाची, डाग कमी असलेली. तिची सगळी ग्रहणं मोजा. निरीक्षित वेळ वजा अपेक्षित वेळ असा आलेख काढा, प्रत्येक बिंदूवर त्रुटीची दांडी दाखवा, आणि जे बिंदू रेषेवर बसत नाहीत त्यांच्याबद्दल तुम्हाला काय वाटतं ते चार ओळींत लिहा. तो आलेख पत्राला जोडा.